लॉरीवाल्याच्या पुस्तकाचं कोरं पान

नाशिक रोड
४ ऑगस्ट २०२५

चि. गोरक्ष यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'हं, बरं हाय' म्हणतोस आणि फोन सगुणाच्या हातात देतोस, म्हणून पत्र लिहितेय. गुडघा बदलून घेतलास, जीभ नाही. डॉक्टरांनी दोन महिने मळ्यात पाय टाकायचा नाही म्हणून बजावलंय आणि तू ओसरीवर बसून मजुरांवर ओरडतोस, असं तुझी बायको सांगते. तेव्हा सोबत एक पुस्तक पाठवतेय. तुझ्या राजचा टेंपो रोज फुलं घेऊन इकडे येतोच. त्याला म्हटलं, आत्याचं टपाल तूच ने, तूच आण.

आमच्या कॉलनीतलं वाचनालय तुला माहीत आहे. तीस सभासद, बहुतेक रिटायर्ड, आणि सगळ्यांना मत आहे. यंदाचं वर्ष आम्ही काळ्या पुस्तकांना दिलंय. दंगली, तुरुंग, हुकूमशहा, निवडणुकीतल्या मारामाऱ्या. माणूस माणसाला असं का करतो, ते एकदा नीट बघायचं ठरवलंय. प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी छापलेली पानं तपासली, दोष दिसला की बाजूला. माणसांतलेही दोष मला चटकन दिसतात, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

नियम एकच. वाचून झालं की पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहायच्या. ते पान आम्ही कापत नाही, खोडत नाही. पुढचा वाचक ते वाचतो. हे पुस्तक एका तुरुंगातल्या कारकुनाची रोजनिशी आहे. परक्या देशातलं आहे, घाबरू नकोस.

तुझी,
साधनाताई

•

मळा
१२ ऑगस्ट २०२५

ती. साधनाताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ताई, माणूस आजारी असला की त्याला लोक मोसंबी पाठवतात. तू तुरुंग पाठवलास. सगुणा म्हणाली, "तुमच्या बहिणीचं कायतरी येगळंच." तरी तीन दिवसांत वाचून काढलं. तो कारकून रोज कैदी मोजतो आणि संध्याकाळी घरी जाऊन मुलीच्या वेण्या घालतो, हे वाचून मला जेवण गेलं नाही. मागच्या पानावर लिहिलंय, 'पुस्तक चांगलं आहे पण दुसऱ्यांदा वाचणार नाही.' चालेल ना?

मला वाटतं, असली माणसं तिकडचीच. आपल्याकडे भांडणं होतात, नाही असं नाही, पण चार दिवसांनी एका पंगतीला बसतात.

इकडची खबर म्हणजे, राज यंदा सरपंचपदाला उभा राहतोय. गावातली तरुण पोरं मागे लागलीत. मतदान दिवाळीनंतर कधीतरी लागेल. दसऱ्याचा झेंडू चांगला आला आहे. पुढच्या वेळी शेवंतीच्या रोगांवरचं पुस्तक पाठवलंस तर उपकार होतील.

तुझा,
गोरक्ष

•

नाशिक रोड
२५ ऑगस्ट २०२५

चि. गोरक्ष यास,
अनेक आशीर्वाद.

शेवंतीचे रोग तुला पाठ आहेत. माणसाचे वाच.

काल रविवारी बैठक झाली. मी तुझंच म्हणणं मांडलं, की आपल्याकडची माती वेगळी. उदाहरण म्हणून सत्त्याण्णव सालची गोष्ट सांगितली. पंचायतीच्या निकालाच्या दिवशी आपल्या गावात झुंबरभाऊंचा गुलाबाचा प्लॉट उद्ध्वस्त झाला, त्यांचा हात मोडला, ते गाव सोडून गेले. मी म्हटलं, हे झालं, पण गावातल्यांनी नाही केलं. बाहेरून आलेल्या पोरांनी केलं. माझ्या सख्ख्या भावाने पोलिसांत तसा जबाब दिलाय. सगळ्यांनी माना डोलावल्या.

एक छाया म्हणून आहे, शाळेत शिकवते, दोन वर्षांपासून येते. एरवी भांडभांड भांडते. काल एक अक्षर बोलली नाही. चहासुद्धा न घेता गेली. तब्येत बरी नसेल. जाताना मात्र म्हणाली, "तुमच्या भावाचं झालं की पुढचं पुस्तक मला द्या."

पुढचं पुस्तक सोबत आहे. एका देशात लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा पकडलेल्या लोकांना लॉरीतून गावाबाहेर नेत असत. त्या लॉरीच्या ड्रायव्हरने म्हातारपणी लिहिलंय. त्याचं पालुपद एकच, 'मी फक्त गाडी चालवत होतो.' मला पहिल्या पानावरच त्याचा राग आला. तुला काय वाटतं ते लिही.

राजला माझे आशीर्वाद सांग. सरपंच झाला तर आत्याच्या माहेरच्या रस्त्याचं बघ म्हणावं.

तुझी,
साधनाताई

•

मळा
१३ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न.

पुस्तक परत पाठवतोय. दोनदा वाचलं. मागच्या पानावर लिहिलं आहे, चार ओळींपेक्षा जास्त झालं. ते तू वाच. एकटी वाच. आणि मग ते पुस्तक दुसऱ्या कोणाला देऊ नकोस, कपाटात ठेव. तुझ्या नियमात बसत नसेल तरी एवढं माझ्यासाठी कर.

गोरक्ष

•

नाशिक रोड
१५ सप्टेंबर २०२५

चि. गोरक्ष,

कसं लिहू तेच कळत नाही. काल राज पुस्तक आणि पाकीट देऊन गेला तेव्हा बैठक सुरू व्हायची होती. तुझं पत्र मी नेहमी निवांत, चहा घेऊन वाचते, म्हणून पाकीट पर्समध्ये टाकलं. पुस्तक टेबलावर ठेवलं. छाया पहिल्यांदाच वेळेच्या आधी आली होती, तिने रजिस्टरमध्ये सही केली आणि घेऊन गेली. संध्याकाळी पाकीट फोडलं तेव्हा कळलं, मी काय करून बसले ते.

एकतीस वर्षं पानं तपासणारी बाई मी, आणि हे एक पान उलटूनही पाहिलं नाही.

छायाला लगेच फोन केला. ती म्हणाली, "वाचून झालं की आणून देते, ताई." आवाज नेहमीचा नव्हता. तू काय लिहिलंयस, गोरक्ष? मला सांग. मी तुझी बहीण आहे, पोलीस नाही.

साधनाताई

•

मळा
१७ सप्टेंबर २०२५

ताई,

माझ्या आयुष्यात तू एवढी एकच चूक केलीस, आणि ती नेमकी इथे. रागावलो होतो. आता राग उतरलाय, भीती राहिली आहे. लिहितो.

त्या दिवशी बाहेरची पोरं नव्हती. गावातलीच होती. आमच्या पॅनलचे खंडेरावतात्या निवडून आले, त्यांना ट्रॅक्टरवर उभं केलं होतं. ताशे, गुलाल, सगळं. ट्रॅक्टर मी चालवत होतो. रस्ता सरळ वेशीकडे जात होता. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, ताई. तात्यांनीसुद्धा नाही. सकाळी मोजणीला झुंबरभाऊ समोरच्या पॅनलकडून बसले होते. त्यांनी आमची दोन मतं बाद करून घेतली होती आणि माझ्याकडे बघून हसले होते. एवढंच. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि ट्रॅक्टर त्यांच्या गुलाबात घातला. मागून पोरं आली. झुंबरभाऊ हात पसरून आडवे उभे होते. पोरांच्या हातात झेंड्याच्या काठ्या होत्या.

मी ट्रॅक्टरवरून उतरलो नाही. अंगाला हात लावला नाही. अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. तो लॉरीवाला तेच म्हणतो आणि दोनशे पानं झाल्यावर एका ठिकाणी लिहितो, की पहिल्या फेरीला आपल्याला बरं वाटलं होतं. तिथे मी पुस्तक मिटलं. कारण मलाही बरं वाटलं होतं, ताई. चाकाखाली ती झाडं मोडत होती, तेव्हा मला बरं वाटत होतं. हेच पानावर लिहिलंय.

आणि गुलाबाला कलमाचा डोळा भरायला मला कोणी शिकवलं होतं? त्यांनीच. सालीत चीर कशी द्यायची, डोळा कसा बसवायचा, वर पट्टी किती घट्ट बांधायची, सगळं माझा हात हातात धरून. माझा आजचा मळा त्यांच्या हातावर उभा आहे, आणि त्या हाताची दोन बोटं नंतर कधी सरळ झाली नाहीत. फौजदारापुढे मी सांगितलं, बाहेरची होती, ओळखलं नाही.

आता हे फुटलं तर राजचं काय होईल सांग. पोराचा काय दोष? ते पुस्तक परत आण. वाटेल ते सांग, पण आण.

गोरक्ष

•

नाशिक रोड
२२ सप्टेंबर २०२५

गोरक्ष,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण तू माझा भाऊ आहेस, तेव्हा आहेतच.

पुस्तक आलं. काल छाया स्वतः घेऊन आली. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, मी झुंबर यांची मुलगी."

मला तिचं सासरचं आडनाव माहीत. ती जन्मली तेव्हा मी सासरी होते, ओळखणार कशी? तिला मात्र मी कोण, हे दोन वर्षांपासून माहीत होतं. म्हणाली, "तुमच्या गावाचं नाव ऐकून वाचनालयात आले. वाटलं, काळ्या पुस्तकांच्या नादाने कधीतरी कोणीतरी बोलेल." आणि मी तिच्या तोंडावर तीस माणसांत सांगितलं, की बाहेरची पोरं होती! त्या मुलीने ते ऐकून घेतलं. मला माणसांतले दोष चटकन दिसतात म्हणे. जळो ते दिसणं.

झुंबरभाऊ इथेच राहतात, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मोडक्या हाताने गुलाब होईनात, म्हणून वीस वर्षं एका सोसायटीत वॉचमन होते. आता सत्तर वय आहे. बाजारातून येता-जाता मी त्यांच्या गेटवरून किती वेळा गेले असेन, देव जाणे.

तुझ्या मजकुराखाली छायाने लिहिलंय, ते जसंच्या तसं उतरवते:

'मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि दाराच्या फटीतून बघत होते. ट्रॅक्टरवर कोण होतं, ते मला गुलालामुळे दिसलं नाही. आज कळलं. तुम्ही खरं लिहिलंत, अगदी बरं वाटलं होतं हेसुद्धा लिहिलंत, त्याबद्दल मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण कोऱ्या पानावर लिहिणं सोपं आहे. तिथे आधीचं काही खोडावं लागत नाही. जिथे खोटं सांगितलंत तिथे जाऊन खरं सांगा.'

मी तिला विचारलं, पुस्तक कपाटात ठेवू का? ती म्हणाली, "तो तुमचा आणि तुमच्या भावाचा प्रश्न."

तर हा प्रश्न तुझ्यापुढे ठेवते. राजची भीती मला कळते. पण तू त्याला गादीवर बसवतोयस ती कसली आहे, ते त्याला ठाऊक नको का? दोन ऑक्टोबरला ग्रामसभा असते. पुढचं मी सांगणार नाही. मोठी बहीण म्हणून आयुष्यभर तुला सांगत आले, हे एक तुझं तू ठरव.

साधनाताई

•

मळा
४ ऑक्टोबर २०२५

ती. साधनाताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा दसरा आणि ग्रामसभा एकाच दिवशी आली, म्हणून सभा सकाळी आठला ठेवली होती. लोकांना घरी जाऊन पूजा करायची घाई. कोणाचं लक्ष नव्हतं, हे एका परीने बरंच झालं.

आदल्या आठवड्यात राजला सगळं सांगितलं. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "आबा, लोकं मला मतं देणार नायत." मी म्हटलं, नाही देणार कदाचित. तो म्हणाला, "मग तुम्ही मला आधी का नाय सांगितलं? मी पोरांना सांगत फिरतोय, आपलं घराणं सरळ हाय." पण सभेला मला टेंपोत बसवून त्यानेच नेलं, आणि पायरी चढताना काखेत हातही त्यानेच दिला.

पाणीपट्टी झाली, दिवाबत्ती झाली. मग मी काठी टेकून उभा राहिलो. सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, स्टिअरिंग, काठ्या, जबाब. काठ्या कोणाच्या हातात होत्या ती नावं घेतली नाहीत. ज्याचं त्याने घ्यावं. कोणीतरी मागून बोललं, "आबा, सणासुदीचं काय उकरून काढता?" तेवढ्यात लंकाबाई उठली. ऐंशीला टेकली असेल. म्हणाली, "बोलू द्या त्याला. मी बी वट्यावरून पाह्यलं होतं. मी बी गप बसले." आणि खाली बसून पदराने डोळे पुसू लागली. तिघं जण माना खाली घालून बाहेर गेले, आणि ते कोण ते सगळ्या गावाला कळलं.

ग्रामसेवक म्हणाले, हा विषय अजेंड्यावर नाही. मी म्हटलं, तरी प्रोसिडिंगला लिहा, त्याशिवाय मी हलायचा नाही. शेवटी त्यांनी लिहिलं. अठ्ठावीस वर्षांनी सांगितलेली गोष्ट 'ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली गेली, ताई. मला उभ्याउभ्या हसू आलं आणि रडूही आलं.

छायाबाई आल्या होत्या. शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या. ओळख कोणी करून दिली नाही, पण कपाळ अगदी झुंबरभाऊंचं. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली, एवढंच. काल पोलीस ठाण्यातही अर्ज देऊन आलो. साहेब म्हणाले, ती केस कधीच बंद झाली. मी पोच घेतली.

राज फॉर्म भरणार आहे. म्हणाला, "पडलो तर पडलो. आलोच निवडून, तर मिरवणूक नाय काढणार."

प्रोसिडिंगची नक्कल सोबत आहे. ती झुंबरभाऊंना दे. आणि ते पुस्तक कपाटात ठेवू नकोस. ज्याला वाचायचं त्याला दे.

तुझा,
गोरक्ष

•

नाशिक रोड
१३ ऑक्टोबर २०२५

चि. गोरक्ष यास,
अनेक आशीर्वाद. या खेपेला न अडखळता लिहिलेत.

काल छायाबरोबर झुंबरभाऊंकडे गेले. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. गॅलरीत तुळस आहे, गुलाबाचं एकही रोप नाही. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तर म्हणाले, "तू कशाला, पोरी? तू तर सासरी होतीस." नक्कल त्यांनी खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचली. मग म्हणाले, ते पुस्तक आण.

पुस्तक माझ्या पिशवीत होतं. त्यांनी शेवटचं पान काढलं. तुझा मजकूर, छायाचा मजकूर, खाली चार बोटं जागा उरली होती. उजव्या हाताने पेन धरता येत नाही, म्हणून डाव्याने लिहायला बसले. अर्धा तास लागला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून होतो. त्यांनी लिहिलेलं हे असं:

'गोरक्ष, ट्रॅक्टरवर तू होतास हे मी त्याच वेळी पाहिलं होतं. फौजदाराला तुझं नाव सांगितलं नाही. तात्याच्या भीतीने नाही. वाटलं, पोरगं उद्या आपण होऊन येईल. माझ्या हाताखाली शिकलेलं पोरगं आहे. मग दुसऱ्या दिवशी वाटलं, उद्या येईल. माफीचं लिहीत नाही, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. येताना कलमासाठी खुंटाची दोन रोपं आण, एक चांगला डोळा आण आणि तुझी सुरी आण. माझी बोटं चालत नाहीत पण नजर चालते. तू भर, मी बघतो. चुकलास तर पुन्हा भरायला लावीन.'

घरी आल्यावर मी चष्मा पुसला आणि ते पान दिव्याखाली धरून वरपासून खालपर्यंत तीनदा तपासलं. एकतीस वर्षांच्या सवयीने सांगते, एवढं चोख पान माझ्या हाताखालून गेलं नव्हतं.

गुरुवारी राजच्या टेंपोत, पुढच्या सीटवर बसून ये. गुडघ्याचं कारण चालणार नाही. म्हातारा दारात खुर्ची टाकून बसलाय.

तुझी,
साधनाताई